गिळलेली कवळी शोधायची कशी?

वस्तू गिळण्याचा उद्योग लहान मुलेच करतात, असे तुम्हाला वाटत असेल. पण मोठी माणसेही त्यात मागे नाहीत, बरे का! माशाचा काटा, मटणातले हाड आणि म्हातारपणी चक्क दातांची कवळीसुद्धा पोटात जाते. कवळीने टाळू झाकलेली असली, की घासातले हाड तिला जाणवत नाही. मग तेही घासाबरोबर खाली उतरते.

आपली अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. पण ती सगळीकडे सारखी रुंद नसते. वस्तू अडकते ती तिच्या चिंचोळ्या जागी. एकदा जठरात पोचलेली वस्तू बहुधा आपोआप शौचावाटे बाहेर पडते. मात्र अडीच सेंटिमीटरहून रुंद वस्तू जठराच्या खालच्या दारातून सहसा जात नाही.

आता ती शोधायची कशी? तुम्ही म्हणाल, क्ष-किरणांनी! नाणे किंवा टाचणी त्यात लख्ख दिसेल. पण कवळी असते ॲक्रिलिकची. क्ष-किरण तिच्यातून आरपार जातात. तिला तारेचा आकडा असेल, तर फार तर तेवढाच दिसतो. माशाचा बारीक काटाही पुष्कळदा दिसत नाही. म्हणून क्ष-किरण चित्रात काही न दिसले, तरी डॉक्टर रोग्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवतात आणि सी.टी. स्कॅन करतात किंवा दुर्बिणीने आत पाहतात. थुंकीही गिळता येत नसेल, तर थांबून चालत नाही. काट्यावर भाताचा गोळा गिळण्याचा घरगुती उपाय तर नकोच. त्याने काटा आणखी रुततो. अन्ननलिकेला भोक पडले, की जंतू छातीत शिरतात आणि जिवावर बेतते.

काढण्यातही मोठी युक्ती आहे. उघडी सेफ्टी पिन टोक वर करून अडकली आहे, असे समजा. तशीच ओढली, तर टोक वाटेत रुतेल. म्हणून डॉक्टर ती आधी हलकेच जठरात ढकलतात, तेथे ऐसपैस जागेत फिरवतात आणि टोक मागे राहील अशा बेताने वर ओढतात. टोक पुढे असेल तर भोसकते, मागून फरफटत येणारे भोसकत नाही. हे तत्त्व अमेरिकेतील डॉ. चेव्हॅलिअर जॅक्सन (१८६५–१९५८) यांनी आग्रहाने सांगितले. लहानथोरांच्या अन्ननलिकेतून व श्वासनलिकेतून काढलेल्या २,३७४ वस्तूंचा त्यांचा संग्रह फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे. त्यात सेफ्टी पिनाही आहेत!