खोल्याच्या मिरचीचे नाव कोणाचे?

मे महिना सरत आला की मडगावात पुरुमेंताचे फेस्त भरते. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी करून ठेवण्याची ही गोव्यातील जुनी रीत. सुके मासे, सोले, चिंच, कांद्याच्या माळा आणि सुक्या मिरच्या यांनी रस्त्याच्या कडा भरून जातात. मिरचीच्या ढिगापुढे थांबलेली गृहिणी एकच प्रश्न विचारते, ‘ही खोल्याची ना?’ विक्रेता ‘होय’ म्हणतो. ढीग खोल्याचा असो वा घाटापलीकडून आलेला असो, उत्तर बहुधा तेच मिळते.

हे एक अक्षरी उत्तर वाटते तितके निरुपद्रवी नाही. काणकोण तालुक्यातील खोला गावच्या डोंगरउतारावर जी कुटुंबे ही मिरची पिकवितात, त्यांच्या कष्टाचे मोल त्या नावातच साठविलेले असते. परक्या मालाला ते नाव लागले की दोन गोष्टी घडतात. ग्राहक चढा दर देऊन फसतो, आणि खऱ्या उत्पादकाला स्वतःचाच माल त्या खोट्या मालाच्या भावाने विकावा लागतो. काही वर्षे असे चालले म्हणजे उतारावर चढून मिरची लावण्याचा उत्साह मावळतो, आणि मग बियाणेही हरवते.

राज्याच्या आर्थिक उन्नतीचा विचार करताना नव्या वसाहती, कारखाने व प्रयोगशाळा हेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे येते. त्यांचे महत्त्व आहेच. परंतु ज्याला स्थानिक कल्पकता म्हणतात, तिचा मोठा भाग खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या निनावी पडून आहे. कोणते बी राखून ठेवावे, कोणत्या उतारावर ते लावावे, बोंडूचा रस किती दिवस आंबवावा, गुळाचा पाक कोठे थांबवावा, हे सारे शोधच आहेत. ते लावणाऱ्याचे नाव कोणास ठाऊक नाही, एवढाच फरक. एकट्या संशोधकाच्या शोधाला २० वर्षांचे पेटंट मिळते. एखाद्या पेढीच्या मालाला व्यापारचिन्ह मिळते. मात्र संपूर्ण गावाच्या शोधाचे काय, या प्रश्नाला आपल्या देशात फार काळ उत्तर नव्हते.

ते उत्तर संसदेने १९९९ साली केलेल्या भौगोलिक मानांकनाच्या कायद्याने दिले. १५ सप्टेंबर २००३ पासून हा कायदा अमलात आला. त्याची नोंदवही चेन्नई येथील कार्यालयात ठेवली जाते, आणि त्या नोंदवहीत पहिला मान दार्जिलिंगच्या चहाला मिळाला. एखाद्या मालाचा गुण, लौकिक वा वैशिष्ट्य हे मुख्यतः त्याच्या उगमस्थानामुळे आले असेल, तर त्या स्थानाचे नाव त्या मालाला लावण्याचा हक्क तेथील उत्पादकांनाच असावा, हे या कायद्याचे सार. हा हक्क कोणा एका माणसाचा नसतो. तो विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. नोंदणी १० वर्षांची असते व तिचे पुनःपुन्हा नूतनीकरण करता येते.

बोंडूपासून फेणीपर्यंत

गोव्याने या कायद्याचा पहिला लाभ घेतला तो काजू फेणीसाठी. २००९ साली फेणीला मानांकन मिळाले. हे उदाहरण थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे, कारण त्यात कल्पकता कशी रुजते हेही दिसते आणि शासनाचे काम कोठे सुरू होऊन कोठे थांबते हेही.

काजूचे झाड मूळचे गोव्याचे नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते ब्राझीलमधून आणले. माडाच्या सुरेपासून फेणी काढण्याची रीत मात्र काजूच्या आधीची मानली जाते. येथील लोकांनी आपली जुनी विद्या नव्या फळाला लावली आणि जगात इतरत्र न सापडणारे पेय तयार झाले. आपोआप गळून पडलेले पिकलेले बोंडू वेचायचे, बिया वेगळ्या करायच्या आणि कातळात कोरलेल्या कोळंबीत ते पायांनी तुडवायचे. निघालेला रस सुमारे तीन दिवस आंबवितात. उरलेला चोथा दगडाखाली दाबून जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. तो ताजाच पिण्याचा, भट्टीत जाणारा नव्हे. आंबलेला रस भाणात तापवून त्याची वाफ लावणीत उतरविली की प्रथम मिळतो तो हुर्राक. हुर्राक पुन्हा रसात मिसळून दुसऱ्यांदा ऊर्ध्वपातन केले म्हणजे फेणी होते. फेण म्हणजे फेस. बाटली हलविली असता येणाऱ्या बुडबुड्यांवरून जुना जाणकार आजही फेणीची ताकद सांगतो. यंत्राने मोजणाऱ्याला हे पटावयास वेळ लागतो, पण सहसा त्याचे माप जाणकाराच्या मापाशी जुळते.

अशा पेयाची गणना कायद्याने दीर्घकाळ ‘देशी दारू’ या सदरात होत होती. त्यामुळे राज्याबाहेर तिची विक्री करताना अडथळे येत, आणि प्रतिष्ठेचा प्रश्न तर होताच. २०१६ साली राज्याच्या अबकारी कायद्यात दुरुस्ती करून फेणीला गोव्याच्या वारशाच्या पेयाचा दर्जा देण्यात आला, आणि २०२१ साली सरकारने स्वतंत्र फेणी धोरण जाहीर केले. मानांकन २००९ चे व ही दुरुस्ती २०१६ ची, ही मधली ७ वर्षे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. नावाचा हक्क मिळाला तरी ज्या खात्याच्या नियमांतून माल बाजारात जातो ते नियम जुनेच राहिले, तर हक्क कागदावर राहतो. एका खात्याने लावलेले रोप दुसऱ्या खात्याच्या सावलीत खुरटू नये, हे पाहणे शासनाचे काम आहे, व ते पुष्कळदा उशिरा होते.

फेणीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अधिकाऱ्यांनी व उत्पादकांनी सारखीच लक्षात घ्यावयास हवी. मानांकनाचा अर्ज काजूच्या फेणी उत्पादकांच्या संघटनेने केला. त्यामुळे नोंदणीत काजूचीच फेणी आली आणि दक्षिण गोव्यात विशेषतः काढली जाणारी माडाची फेणी, जी परंपरेने थोरली, ती बाहेर राहिली. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. अर्जात जे लिहिले जाते तेवढेच नोंदले जाते. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी गावात कोण काय बनवितो, याची पूर्ण विचारपूस झाली पाहिजे.

खोल्याचा उतार

खोल्याच्या मिरचीला २०१९ साली मानांकन मिळाले. अर्ज शेतकऱ्यांच्या गटाचा होता, आणि राज्याच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याने त्यासाठी साहाय्य केले. ही मिरची पावसाच्या पाण्यावर डोंगरउतारावर होते. पाणी उतारावरून निघून जाते, मुळाशी साचत नाही. पावसाळा ओसरला की तोडणी सुरू होते आणि फळे उन्हात वाळवितात. रंग गडद लाल, तिखटपणा मध्यम. रेशादच्या मसाल्याला व लोणच्याला ती हवी असते ती यासाठीच. लावणीपासून वाळवणीपर्यंत या पिकात स्त्रियांच्या कामाचा वाटा फार मोठा आहे.

मिरचीत परपरागीभवन पुष्कळ होते. शेजारच्या वाफ्यात दुसरी जात लावली तर पुढच्या वर्षीचे बी मिसळते, आणि दोनतीन हंगामांत खोल्याची मिरची नावापुरती खोल्याची उरते. तेव्हा परगावचा व्यापारी हा या नावाचा एक शत्रू खरा, पण शेजारी लावलेले जास्त उत्पन्नाचे संकरित रोप हा दुसरा, आणि तो अधिक जवळचा. निरोगी, जातिवंत झाडांची फळे बियाण्यासाठी वेगळी राखणे आणि दुसऱ्या जातीचे वाफे दूर ठेवणे, एवढी खबरदारी गटाने एकमताने घेतली तर कोणत्याही कायद्याहून तिचा उपयोग मोठा.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मानांकन मिळाले म्हणजे दुसऱ्या तालुक्यात ते बी लावण्यास बंदी झाली, असे नव्हे. पेडणे तालुक्यातील शेतकऱ्याने खोल्याचे बी नेऊन लावले तर कायदा त्याला अडवीत नाही. ती मिरची ‘खोल्याची’ म्हणून विकण्यास मात्र अडवितो. पेडण्याजवळ स्वतःची हरमलची मिरची आहेच. तिला, तसेच मयडे गावच्या केळ्यांना व जत्रेतील खाज्याला २०२१ साली मानांकन मिळाले. पुढे २०२३ मध्ये मानकुराद आंबा व बिबिंक यांचीही नोंद झाली.

मानांकन हे दराची हमी देत नाही, हेही स्पष्टच सांगितले पाहिजे. ते फक्त खोट्या मालाला बाजूस सारण्याचे साधन देते. साधन वापरले नाही तर बाजार होता तसाच राहतो.

नोंदवहीचा दुसरा भाग

ते वापरावयाचे कसे, हा सर्वांत कमी माहीत असलेला भाग आहे. मानांकनाच्या नोंदवहीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात मालाचे नाव व त्याचा नोंदणीकृत स्वामी, म्हणजे बहुधा उत्पादकांची संघटना, यांची नोंद होते. वर्तमानपत्रात जी बातमी येते, सत्कार होतात, ती या पहिल्या भागाची. दुसऱ्या भागात ‘अधिकृत वापरकर्ते’ नोंदले जातात, म्हणजे तो माल प्रत्यक्ष पिकविणारी वा बनविणारी माणसे. आपल्या पिशवीवर मानांकनाचे चिन्ह छापण्याचा व नावाचा गैरवापर करणाऱ्याविरुद्ध स्वतः दाद मागण्याचा हक्क दुसऱ्या भागात नाव असलेल्याला मिळतो. खोल्याच्या एखाद्या शेतकरणीची मिरची कितीही अस्सल असली, तरी तिचे नाव या भागात नसेल तर तिला ते चिन्ह लावता येत नाही.

२०२० साली केंद्र सरकारने नियमांत दुरुस्ती करून वापरकर्त्याच्या अर्जाचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणले आणि कार्यपद्धतीही सुटसुटीत केली. तेव्हा आता अडचण पैशाची नाही. ती कागदाची व माहितीची आहे. अर्ज चेन्नईला जातो, त्याची भाषा कायद्याची असते, आणि गावातील माणूस तेथेच थबकतो. ही मधली वाट चालविण्यासाठीच राज्य यंत्रणा आहे. विभागीय कृषी कार्यालयाने गटाची बैठक घेऊन अर्ज एकत्र भरून घेतले, तर एका दिवसाचे काम होते. प्रत्येकाने एकेकट्याने करावयाचे म्हटले तर ते कधीच होत नाही, असा बहुतेक ठिकाणचा अनुभव आहे.

नव्या मालासाठी अर्ज करताना मुख्य कष्ट पुराव्याचे असतात. मालाचे वर्णन, त्याचा प्रदेश दाखविणारा नकाशा, बनविण्याची रीत, त्या मातीशी व हवामानाशी असलेला संबंध, गुणवत्ता तपासण्याची व्यवस्था आणि जुनेपणाचा आधार, इतके सारे द्यावे लागते. तज्ज्ञांच्या समितीपुढे हे टिकल्यावर अर्ज नियतकालिकात प्रसिद्ध होतो, आणि हरकतीची मुदत संपल्यावर नोंदणी होते. जुनेपणाचा आधार गोळा करण्याच्या कामी गावातील शिक्षक जेवढे उपयोगी पडतात तेवढे दुसरे कोणी नाही. देवस्थानच्या जुन्या वह्या, जत्रेच्या दुकानांच्या नोंदी, जुनी प्रवासवर्णने, वृद्ध स्त्रियांनी सांगितलेल्या कृती हे सर्व पुरावेच. खाजे करणाऱ्या कुटुंबांकडे बेसन, गूळ, आले व तीळ यांचे प्रमाण तोंडी चालत आलेले असते. सांगणारे माणूस असेपर्यंतच ते लिहून घेता येते.

एक शंका खेड्यांतून वारंवार विचारली जाते. ‘जमीन माझ्या नावावर नाही. नमुना १ व १४ च्या उताऱ्यावर दुसऱ्याचेच नाव आहे. मग मला वापरकर्ता होता येईल काय?’ शंका रास्त आहे. डोंगरउतारावर राबणाऱ्या कित्येक कुटुंबांची, आणि त्यांतही स्त्रियांची, हीच स्थिती असते. कायद्यातील ‘उत्पादक’ या शब्दाची व्याख्या या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. शेतमाल पिकविणारा, त्यावर प्रक्रिया करणारा, तो बांधून विक्रीस सिद्ध करणारा, या सर्वांचा तीत समावेश आहे; जमिनीच्या मालकीचा उल्लेख तीत नाही. मागावयाचा तो पुरावा पीक घेतल्याचा. असे असता कोणत्याही कार्यालयाने केवळ उताऱ्याअभावी अर्ज बाजूला ठेवू नये, आणि अर्जदारानेही तेवढ्यावरून परत फिरू नये. गटाचे पत्र, पिकाची पाहणी आणि विक्रीच्या पावत्या जोडून अर्ज पुढे पाठविता येतो. पाहणी उभ्या पिकातच करावी लागते, म्हणून खोल्याच्या गटाला हे काम तोडणी संपण्यापूर्वी उरकणे सोयीचे. मिरची एकदा वाळून पोत्यात गेली की ती कोणत्या उतारावरची, हे पाहून सांगणे कृषी अधिकाऱ्यालाही कठीण होते.