शेजारी प्लॉट पडले आणि वावरात पाणी तुंबलं, तर दाद कुठे मागायची?

जळगाव, धुळे शहरांलगतच्या गावांत कपाशीच्या वावरांशेजारी एनए प्लॉट पडताना दिसतात. मुरमाचा भराव टाकून जागा उंच केली जाते, मधला नाला बुजतो आणि जोराचा पाऊस झाला की वरच्या शेतातलं पाणी अडतं. इथली काळी जमीन पाणी लवकर सोडत नाही. मुळाशी पाणी साचलं की कपाशी पिवळी पडते.

अशा वेळी शेतकरी आधी ग्रामपंचायतीत जातो. गावातली गटारं तिच्याकडे आहेत, पण शेतातल्या पाण्याचा अडथळा काढण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ तो देतं. कायदा इंग्रजांच्या काळातला, तरी आजही लागू. पिकाचं नुकसान झालेलंच असायला हवं असंही नाही, होण्याची शक्यता पुरते.

अडचण मुदतीची आहे. दावा सहा महिन्यांत करावा लागतो, आणि हे महिने अडथळा सुरू झाला त्या दिवसापासून मोजतात, पाणी तुंबलं तेव्हापासून नाही. भराव एप्रिलमध्ये पडला आणि शेतकरी दिवाळीनंतर तहसीलमध्ये गेला, तर मुदत संपलेली असते. मग दिवाणी न्यायालयच उरतं.

दुसरी गोष्ट, हे कलम बेकायदा अडथळ्यालाच लागू होतं. त्यामुळे प्लॉटवाला एनएचा आदेश पुढे करतो. मंजूर ले-आउटचा नकाशा माहिती अधिकारात मागवून घ्यावा. त्यात नाला दाखवलेला असेल आणि जागेवर भराव असेल, तर तो आदेश त्याच्या फारसा कामी येत नाही.

तहसीलदारांचा निकाल विरोधात गेला, तर जिल्हाधिकाऱ्यांकडे पुनरीक्षण मागता येतं.