पालथे आणि उताणे : दोन इंग्रजी विशेषणे

इंग्रजीतील ‘प्रोन’ व ‘सुपाइन’ ही विशेषणे पुष्कळदा ‘आडवा पडलेला’ एवढ्यावर उरकली जातात. वस्तुतः ‘प्रोन’ म्हणजे पालथा आणि ‘सुपाइन’ म्हणजे उताणा. २०२० साली कोविडच्या साथीत प्राणवायू कमी पडणाऱ्या रुग्णांना पालथे निजविण्याचा उपचार सर्वतोमुखी झाला. तेव्हा हा भेद केवळ कोशकारांपुरता उरला नाही.

दोन्ही शब्द लॅटिन होत. ‘प्रोनुस’ म्हणजे पुढे झुकलेला. म्हणून ‘प्रोन’ म्हणजे एखाद्या गोष्टीकडे, बहुधा अनिष्ट गोष्टीकडेच, कल असलेला. मौज अशी की, इंग्रजीत हा लाक्षणिक अर्थ आधी रुजला आणि पालथेपणाचा अर्थ मागाहून, सोळाव्या शतकात आला. ‘अपघातप्रवण’ हा आपला प्रतिशब्द येथे चपखल बसतो, कारण संस्कृत ‘प्रवण’ शब्दाचाही मूळ अर्थ उतरता, ढाळ असलेला असाच आहे.

‘सुपाइन’च्या बाबतीत मात्र फसगत होते. उताणा मनुष्य स्वस्थ पडलेला असतो, यावरून इंग्रजीत निष्क्रिय, कणाहीन हा अर्थ निघाला. अन्याय दिसत असता हात न हलविणारे शासन ‘सुपाइन’ ठरते. त्यास ‘उताणे पडलेले शासन’ म्हटल्यास मराठी वाचक ते चीत झाले, कोसळले असे समजेल. ‘उताणा’ ज्यावरून आला तो तत्सम ‘उत्तान’ शब्द योजावा, तर आणखीच पंचाईत. मराठीत तो भडक शृंगाराकडे गेला आहे. येथे ‘निष्क्रिय’ हाच शब्द पत्करावा.