काकड्याचा कंदील

पहाटेचे चार वाजले होते. कार्तिकातली वऱ्हाडची थंडी दिवसा कळत नाही. दुपारी ऊन चांगलेच लागते. पहाटे मात्र ती वाकळीतून आत शिरते. अशा वेळी ओसरीवरून वहिनींची हाक आली, "भाऊजी, उठा. काकडा निंगाला."

नोकरीमुळे मी अकोलेकर झालो, त्याला तीस वर्षे होऊन गेली. गाव तसे दूर नाही. मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे जाताना, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. पूर्वी शकुंतलेने जात असू. आता ती गाडी बंद आहे. दिवाळीला जायचे आणि भाऊबीज आटोपली की परतायचे, हा आमचा शिरस्ता. गेल्या वर्षी मात्र निवृत्तीनंतरची पहिली दिवाळी होती, परतायची घाई नव्हती. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहिलो आणि कित्येक वर्षांनी काकड्यात चाललो.

काकडा म्हणजे पिळलेल्या कापडाची, तेलातुपात भिजवलेली जाड वात. तिने पहाटे देवाला ओवाळायचे, ती काकड आरती. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर ती गावोगावी चालते. आमच्याकडे विठ्ठलाच्या देवळात भूपाळ्या झाल्या की टाळ-मृदंग घेऊन मंडळी गावप्रदक्षिणेला निघतात. पुढे कंदील असतात. दारोदारी सडा-रांगोळी झालेली, उंबऱ्यावर पणती. दिंडी आली की घरातले एखादे माणूस बाहेर येऊन हात जोडते, जमल्यास चार पावले सोबत चालते.

लहानपणी या दिंडीत अकरा कंदील मोजल्याचे मला आठवते. चुलीतल्या राखेने काचा पुसायच्या, वाती कातरायच्या, हे आम्हा मुलांचे काम. काच तडकली तर पाठीत धपाटा ठरलेला. आता चौकात विजेचा दिवा आहे आणि रॉकेल मिळेनासे झाले आहे. यंदा कंदील तीनच होते. त्यातल्या एकात कुणीतरी बॅटरीचा बल्ब बसवला होता. माणसे वीस-पंचवीस, त्यांतली बहुतेक माझ्या वयाची. तरणी पोरे पुण्याला गेलेली.

पहाटेच्या फेरीचा संस्कार आमच्या भागाला जुनाच. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन करणाऱ्या तुकडोजी महाराजांनी गावोगावी रामधून रुजवली. पहाटे गाव झाडायचा आणि भजन म्हणत फेरी काढायची. त्यांच्या आधी गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन हेच शिकवले होते. अमरावतीजवळ वलगावला २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला. देवाच्या निमित्ताने शेजाऱ्याच्या दारापर्यंत जायचे, हे या दोघांच्या मुलखात वेगळे सांगावे लागत नाही.

माझी पुतणी जर्मनीत, म्युनिकला असते. तिच्या मुलीचे फोटो याच दिवसांत आले. ११ नोव्हेंबरच्या सुमारास तिकडे संत मार्टिनच्या नावाने लहान मुले कागदी कंदील घेऊन, गाणी म्हणत अंधारात फिरतात. मग पाऊस असो की बर्फ. मार्टिन हा रोमन सैनिक. कडाक्याच्या हिवाळ्यात एक भिकारी त्याला कुडकुडताना दिसला, तेव्हा त्याने तलवारीने आपल्या अंगावरच्या झग्याचे दोन तुकडे केले आणि अर्धा त्याला दिला, अशी कथा सांगतात. देवळाच्या पायरीवर मी ते फोटो मृदंगवाल्या बुवांना दाखवले. ते म्हणाले, "म्हंजे तेथी बी काकडाच हाये म्हना."

कार्तिकी एकादशीच्या आदल्या पहाटे दिंडी वेशीकडच्या गल्लीत शिरली. शेवटच्या घरापाशी बुवा थांबले. दाराशी सडा नव्हता, पणती नव्हती. माझ्या ते लक्षातही आले नव्हते. बुवा हळूच म्हणाले, "आज तिसरा दिवस हाये."

त्या घरातला माणूस माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. सोयाबीन हाती लागले नाही, आणि वेचणीला आलेला कापूस पावसात भिजला. बायको लेकराला घेऊन माहेरी गेलेली. या दोन जिल्ह्यांतल्या वाचकांना पुढची भीती समजावून सांगायला नको. अशी कितीतरी दारे आपण बातम्यांत पाहिली आहेत, आणि नेहमी उशिरा.

बुवांनी हाक मारली नाही, कडी वाजवली नाही. त्या दारासमोर एक अभंग सुरू केला. तो संपल्यावर दुसरा. थंडीने आमची बोटे टाळांवर आखडली, पण कुणी चला म्हटले नाही. तिसऱ्या अभंगाला दार उघडले. अंगावर चादर, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. कुणीच काही विचारले नाही. बुवांनी शेजाऱ्याच्या हातातला कंदील घेऊन त्याच्यापुढे धरला. "घे रे बापू, याचा हात दुखून रायला. देवळापर्यंत तू धर."

तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग पायांत चपला सरकवल्या आणि कंदील घेऊन पुढे झाला.

काकड्याने कर्ज फिटत नाही. भिजलेला कापूस वाळत नाही. पण त्याच दिवशी बुवा आणि आणखी दोघे त्याच्यासोबत तालुक्याला, बँकेत गेले. दुसऱ्या दिवशी त्याच्या सासुरवाडीला फोन झाला. पौर्णिमेच्या महाप्रसादाला तो पंगतीत रोडगे वाढत होता आणि त्याचे लेकरू मागे मागे वरणाची बादली ओढत होते.

मी अकोल्याला परतलो. आमच्या अपार्टमेंटच्या जिन्यात रात्रभर दिवा असतो. समोरच्या दाराआडचे गृहस्थ एकटेच राहतात. ते शेवटचे कधी दिसले, हे मला आठवेना. सामान खाली ठेवले आणि आधी त्यांची बेल वाजवली.