रक्त ‘पातळ’ करणाऱ्या गोळीचे पथ्य

ज्या घरात हृदयाची झडप बदललेली व्यक्ती आहे, किंवा अनियमित ठोक्यांसाठी कुणाचे उपचार चालू आहेत, त्या घरात ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ हे शब्द वारंवार कानी पडतात. नाव सोयीचे असले तरी फसवे आहे. या गोळीने रक्ताचा दाटपणा कमी होत नाही. त्याची गुठळी होण्यास अधिक वेळ लागतो, एवढेच. हा केवळ शब्दांचा भेद नव्हे. रक्त पातळ झाल्यामुळेच अशक्तपणा आला, अशी समजूत करून घेऊन गोळी परस्पर बंद करणारे रुग्ण असतात, आणि त्याची किंमत कधी कधी अर्धांगवायूने मोजावी लागते.

या औषधाचा जन्म गोठ्यात झाला. १९२० च्या दशकात कॅनडा व अमेरिकेच्या उत्तर भागात स्वीट क्लोव्हर नावाचा बुरसटलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातील घातक द्रव्य वेगळे केले. त्याच कुळातील वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते देण्यात आले. हा इतिहास ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र येथे मात्रेला किती महत्त्व आहे, हे त्यावरून ध्यानी यावे.

आपल्याकडे वॉरफरिनप्रमाणेच असेनोकुमेरॉल हे औषधही पुष्कळ वापरले जाते. गुठळी घडवणारे काही घटक यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या साहाय्याने तयार करते. ही औषधे त्या कामात अडथळा आणतात. रक्तात आधीच असलेले घटक संपेपर्यंत परिणाम पुरता दिसत नाही, म्हणून मात्रा बदलल्यावर फरक कळण्यास दोन-तीन दिवस जातात. दोन्ही औषधांचे काम एक असले तरी त्यांचे मिलिग्रॅम सारखे नव्हेत. दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हणून दुसरी पट्टी पुढे केली, तर ती घेऊ नये. ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल यांची जात निराळी. ती रक्तातील प्लेटलेटना एकमेकींस चिकटू देत नाहीत. एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

परिचर्येच्या विद्यार्थ्यांना ही गोळी रुग्णाच्या हाती देण्यापूर्वी आय.एन.आर. तपासणीचा अहवाल पाहण्यास शिकवतात. घरी हे काम आपले. औषध न घेणाऱ्या निरोगी माणसात हा आकडा १ च्या आसपास असतो. अनियमित ठोक्यांसाठी तो बहुधा २ ते ३ ठेवतात. डाव्या बाजूची मायट्रल झडप कृत्रिम धातूची असेल, तर सामान्यतः २.५ ते ३.५. आकडा खाली गेला तर गुठळीचे भय, फार वर गेला तर रक्तस्रावाचे. एका वहीत तारीख, आकडा व त्या दिवसाची मात्रा लिहून ठेवावी. गोळी संध्याकाळी घेण्याची प्रथा आहे, कारण सकाळच्या तपासणीनुसार त्याच दिवशी मात्रा बदलता येते. एखादा दिवस चुकला, तर आठवताच त्याच दिवशी घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या मुळीच घेऊ नयेत.

आहाराविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर, म्हणून त्या कायमच्या वर्ज्य, असे अनेकांना वाटते. तसे नाही, प्रमाणात सातत्य हवे. थंडीत मेथी-पालक स्वस्त झाला म्हणून रोज दोन्ही वेळा खाणे, आणि पुढे नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा-बटाट्यावर काढणे, या दोन्हींनी आकडा हलतो. उपवास करायचाच असेल, तर आधी डॉक्टरांच्या कानी घालावे.

भाजीपेक्षा मला अधिक धास्ती वाटते ती किरकोळ आजारांच्या औषधांची. गुडघेदुखीवरील डायक्लोफिनॅक वा आयब्युप्रोफेन पोटात रक्तस्राव घडवू शकते. जुलाबावर सर्रास घेतले जाणारे मेट्रोनिडाझोल आय.एन.आर. बरेच वाढवते. ‘ताप लवकर उतरावा’ म्हणून कमरेत सुई टोचून घेण्याचा आग्रह तर सोडूनच द्यावा, कारण स्नायूच्या आत रक्त साकळते. कुठल्याही दवाखान्यात पाऊल टाकताच, दाताच्या दवाखान्यातही, या गोळीचा उल्लेख प्रथम करावा. दात काढण्यापूर्वी गोळी थांबवायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील.

‘तपासणीची कटकट नसलेली नवी गोळी’ हवी, असा आग्रह अनेकजण धरतात. डॅबिगॅट्रान, रिव्हरोक्साबान, ॲपिक्साबान ही औषधे अनेकांसाठी खरोखर सोयीची आहेत. परंतु धातूची झडप असलेल्यांना ती चालत नाहीत. संधिवातज्वराने झडप बिघडून ठोके अनियमित झालेल्या रुग्णांवर भारतासह अनेक देशांत झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रिव्हरोक्साबानपेक्षा जुनीच औषधे सरस ठरली. शेजाऱ्याची गोळी शेजाऱ्यासाठी.

घरातील तरुण सून वा मुलगी ही गोळी घेत असेल, तर दिवस जाण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञ व स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याशी बोलणे अत्यावश्यक आहे. पहिल्या तिमाहीत वॉरफरिनमुळे गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते; उलट गोळी एकाएकी सोडल्यास झडपेवर गुठळी होऊन आईचा जीव धोक्यात येतो. काही काळ वारेतून गर्भापर्यंत न पोहोचणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शने देता येतात, पण ती योजना आधी आखावी लागते.

हिरड्यांतून वारंवार रक्त येणे, लघवी लाल होणे, डांबरासारखी काळी शौच होणे, ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तो निर्णय घरी करू नये. पडून डोक्याला मार लागला, तर बाहेर जखम नसली आणि माणूस हसत-बोलत असला, तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे. सोबत ती वही आणि गोळ्यांची पट्टी न्यावी.