मॅग्नेशियम : पाण्यात संथ, लोखंडाच्या रसात तीव्र

मॅग्नेशियम हा वजनाला हलका, चंदेरी आणि अतिशय क्रियाशील धातू. निसर्गात तो सुटा सापडत नाही. कोल्हापूरजवळच्या कळंबा तलावाच्या पाण्यातही मॅग्नेशियम असते, कारण भोवतालच्या डोंगरांच्या काळ्या बेसाल्टमध्ये त्याची खनिजे आहेत. पण ते विरघळलेल्या क्षारांच्या रूपात, म्हणजे क्रिया होऊन गेलेले. पाणी थोडे जड होते, इतकेच.

शुद्ध धातूचे वागणे वेगळे. पॉलिश पेपरने घासलेली मॅग्नेशियमची फीत थंड पाण्यात टाकली, तर मोजकेच बुडबुडे दिसतात. पृष्ठभागावर हायड्रॉक्साइडचा थर बसतो आणि क्रिया मंदावते. गरम पाण्यात ती वेग घेते. वाफेत तर तापलेले मॅग्नेशियम पेटते. मागे पांढरे ऑक्साइड उरते आणि हायड्रोजन सुटतो. विरल हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्लात संरक्षक थर टिकत नाही, त्यामुळे फीत फसफसून लवकरच विरघळते. नायट्रिक आम्ल मात्र अगदी विरल असेल, तरच हायड्रोजन मिळतो.

या क्रियाशीलतेचे खरे मोल कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत कळते. साध्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखे पसरते आणि त्याच्या टोकांशी तडे सुरू होतात. रसात मॅग्नेशियम मिसळले की ते आधी गंधक आणि ऑक्सिजन पकडते. मग थंड होताना ग्रॅफाइटचे गोळे बनतात. हेच एस.जी. (स्फेरॉइडल ग्रॅफाइट) आयर्न. कीथ मिलिस यांनी अमेरिकेत 1943 मध्ये हा शोध लावला. रस सुमारे 1450 अंशांचा, तर मॅग्नेशियम 1090 अंशांच्या आसपासच उकळते. शुद्ध धातू टाकला तर रस उसळेल, म्हणून ते बहुधा फेरोसिलिकॉनच्या मिश्रधातूतून देतात. तरीही रसाच्या भांड्यातून, म्हणजे लॅडलमधून, डोळे दिपवणारा पांढरा उजेड निघतो. कास्टिंगमध्ये शेवटी 0.03 ते 0.05 टक्के मॅग्नेशियम राहिले तरी पुरते. मात्र ते सतत उडून जात असल्याने रस काही मिनिटांतच ओतावा लागतो. उरलेल्या मळीतले सल्फाइड ओलाव्याला लागले की कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा.

जळते मॅग्नेशियम कार्बन डायऑक्साइडमधलाही ऑक्सिजन ओढून घेते आणि काळा कार्बन मागे ठेवते. पाणी मारल्यास हायड्रोजन सुटून आग भडकते. त्यामुळे अशा आगीवर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे कधीही वापरू नये. धातूच्या आगीसाठी असलेली ‘डी’ वर्गाची कोरडी पावडरच वापरावी.