भाषेतलं विज्ञान : ‘हा प्रकार’ म्हणजे नेमका कोणता?

बातमीत ‘या प्रकारामुळे’ असं आलं, तरी आपण अडखळत नाही. प्रकार कोणता, ते मेंदूने मागच्या ओळीतून उचललेलं असतं. कसं?

हे पाहा : ‘शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. या घटनेला सातशेहून अधिक वर्षं झाली.’

‘ती’ म्हणजे कोण? लिंग जुळणाऱ्या दोघी आहेत, गीता आणि टीका. लिहून घेतली ती टीकाच, हा निवाडा अर्थ करतो. ‘घटना’ला मात्र मागे असं एकही नाम सापडत नाही. सांगणं, लिहून घेणं, नेवासे, सगळं वाक्यच तिच्या गाठोड्यात जातं. तिचा स्वतःचा अर्थ मोघम, म्हणून तिच्यात काहीही मावतं.

खरी मेख पुढे आहे. ‘घटना’ऐवजी ‘या धाडसाला’ लिहा. हकिगत तीच, पण लेखकाचं मत हळूच आत शिरलं. आणि ‘या’मुळे ते आधीच ठरल्यासारखं वाटतं, म्हणून वाचक हरकत घेत नाही. बातमीदार ही खुबी पुरेपूर वापरतात.

सरकारी पत्रातल्या ‘सदर बाबी’ची तऱ्हा वेगळी. तिच्यामागे तीन-तीन बाबी उभ्या असतात, आणि फाइल चाळावी लागते.